लोहगड-विसापूर ऑक्टोबरात करताय? या चुका टाळा

पाऊस उघडला की पुण्यातल्या प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'रविवारी लोहगड-विसापूर?' सुरू होतं. जरूर जा. हवा धुतलेली असते, लोहगडाच्या विंचूकाटा माचीवरून पवना धरणाचं पाणी, तुंग, तिकोना हे गड सगळं लख्ख दिसतं. पण दर वर्षी त्याच त्या चुका बघून वैताग येतो.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे उतरतानाचा शॉर्टकट. एकदा विसापूरवरून निघताना तटाखालून हाका आल्या. चार पोरं पदरात, म्हणजे दोन कड्यांमधल्या टप्प्यावर, अडकली होती. खाली गाव दिसतंय म्हणून एका ढोरवाटेनं सरळ उतरली, वाळक्या गवतावरून घसरत कड्याच्या तोंडाशी आली. खाली जाता येईना, घसाऱ्यावरून वर चढता येईना. वाडीतले एक मामा दोर घेऊन आले. एकेकाला वर ओढताना म्हणाले, "गुरंबी हितनं माघारी फिरत्यात."

सह्याद्री लाव्हाच्या आडव्या थरांचा आहे. एक थर उताराचा, त्याखालचा उभ्या कड्याचा, पुन्हा उतार. वरून बघताना उतार तेवढे दिसतात, मधला कडा दिसतच नाही. आणि ढोरवाट म्हणजे गुरांची चरायची वाट, ती गावात पोचवेलच असं नाही. मी ज्या वाटेनं चढतो तिनंच उतरतो. चढतानाच अधूनमधून मागे वळून बघतो, कारण उतरताना तीच वाट अनोळखी वाटते. वाट विरली, की शेवटच्या खात्रीच्या जागेपर्यंत मुकाट परत. मोबाइलवर कुणाच्या तरी वाटेची डाउनलोड केलेली जीपीएस रेघ असते, तीत त्याचं चुकणंही आलं, हे लक्षात ठेवा.

दुसरी चूक उशिरा निघण्याची. नाश्ता, फोटो, 'अजून एक जण येतोय' करत अकराला पायथ्याच्या भाजे गावात पोचलात तर ऑक्टोबर हीट चढावरच गाठते, आणि सहानंतर बघता बघता अंधार. शिवाजीनगरहून पहाटेची लोकल धरा, मळवलीला उतरा, भाजे गावातून दोन्ही गडांमधली गायमुख खिंड गाठा. तिथून आधी विसापूर. तो लोहगडापेक्षा उंच आणि वाट चुकवणारा, त्यामुळे पाय ताजे असतानाच उरकावा. 1818 साली इंग्रजांनीही आधी विसापूरच घेतला होता, मग लोहगड पडायला वेळ लागला नाही. लोहगडाला पायऱ्या आहेत, तो दमल्या पायांनीही होतो.

बाकीचं थोडक्यात. माणशी तीन लिटर पाणी, गडावरच्या टाक्यातलं तसंच पिऊ नका. गुळगुळीत तळव्यांचे बूट घरीच ठेवा. विंचूकाट्यावर कमरेएवढ्या गवतात कडेला जाऊ नका, कडा नेमका कुठे संपतो ते कळत नाही. आग्या मोहोळ दिसलं तर सिगारेट नको, आरडाओरडा तर नकोच. घाम आला म्हणून पवनेत उड्या मारू नका, पट्टीच्या पोहणाऱ्यांनीसुद्धा.

आणि पिठलं-भाकरी हवी असेल तर लोहगडवाडीत वर जातानाच सांगून ठेवा. उतरल्यावर सांगितलंत तर चूल पेटण्यापासून वाट बघावी लागेल.