नागपुरात एडलवाइस लावताय? या चुका टाळा

मे महिन्यात एडलवाइसची पानं माना टाकतात आणि घरचे लोक पाइप घेऊन धावतात. घात तिथेच होतो. आल्प्समध्ये 1800 ते 3000 मीटर उंचीवर, चुनखडीच्या खडकांत वाढणारं हे बहुवर्षायू रोपटं. कडाक्याची थंडी, वारा, कोरडं ऊन सगळं सोसतं. मुळाशी साचलेलं पाणी मात्र सोसत नाही. त्यात तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणजे 45 अंशांत ओली कुंडी ही मुळांची घुसमटच. बोट दोन पेरं आत घालून बघा. आत ओल असेल तर पाणी नको, पानं कितीही रडकी दिसू द्या.

आपली काळी माती तर नकोच, 'थोडीशी'सुद्धा नको. ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते, दोन्हीत मुळांचे हाल. कन्हानची जाड रेती 2 भाग, 3 ते 6 मिलिमीटरची दगडाची चुरी 2 भाग (भुकटी चाळून काढलेली), जुनं पानांचं खत 1 भाग. कुंडी मातीची, खाली दोन विटा. झाडाच्या गळ्याभोवती बोटभर चुरी पसरा.

कूलरसमोर कुंडी ठेवणं हा खास नागपुरी उपाय. पानांवरची पांढरी लव उन्हापासून बचावासाठी असते. कूलरची दमट हवा तिच्यात अडकते आणि बुरशी धरते. मार्चपासून पूर्वेची जागा, दहापर्यंतचं ऊन, पुढे हिरवी जाळी. एवढं पुरे.

खरी परीक्षा मात्र पावसाळ्यात. धरमपेठेतल्या एका गच्चीवर सहा रोपांनी अख्खा मे काढला होता. मृगाची पहिली सर आली आणि 'बिचारी तहानली असतील' म्हणून पाच कुंड्या उघड्यावर सरकवल्या गेल्या. चौथ्या दिवशी मधले कोंब काळे, धरून ओढले तर अलगद हातात. सहावी कुंडी जड म्हणून छज्जाखालीच राहिली होती. ती जगली. पहिल्या पावसापासून ऑक्टोबरपर्यंत वर छप्पर, बाजू उघड्या. प्लास्टिक गुंडाळू नका.

बी फ्रीझरमध्ये टाकून 'लवकर थंडी' देणारे उतावीळ बरेच. दसऱ्याला ओलसर रेतीत मिसळून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, दिवाळी झाली की पेरा. बी धुळीसारखं बारीक असतं आणि त्याला उजेड लागतो, म्हणून वर माती टाकायची नाही, नुसतं दाबायचं. पाणी खालच्या ताटलीतून. उगवायला दोन ते चार आठवडे लागतात. दहाव्या दिवशी उकरून बघणाऱ्यांनी झेंडू लावावा.

शेणखत, डीएपीसारखं रासायनिक खत: नको. झाड हिरवंगार, लांबुडकं होतं आणि लव विरळ होते.

निळ्या एडलवाइसचं बी: फसवणूक.

बी पेरून पहिल्याच हिवाळ्यात फूल मागू नका. ते बहुधा दुसऱ्या वर्षी येतं, तेही मे आणि जुलै दोन्ही निभावले तर.