जुनी मोटर यॉट नव्यानं करायचीय? मग सोफ्याचं कापड शेवटी बघा

दर ऑक्टोबरात एखादा तरी मेसेज येतोच, दादा यॉटवर सेकंड इंजिनिअर म्हणून लागलोय, कॅप्टन म्हणतो हिवाळ्यात रीफिट आहे, वर्कलिस्ट तूच काढ, कुठनं सुरुवात करू. पोरं आपलीच, मर्चंट नेव्हीतनं आलेली, मालवणची, उरणची, इंजिनाला घाबरत नाहीत पण मालकाला घाबरतात. मीपण कार्गोवरनंच इकडे आलो आणि स्पेनमधल्या पाल्माच्या यार्डात चार हिवाळे काढले, तर आता एकदाच लिहून ठेवतो, पुढच्या पोराला हेच पाठवीन.

रीफिट हा शब्द ऐकून दचकू नका. गावाला १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा काय करतात, होड्या वर ओढतात, शाकारतात, खालचं शेवाळ-शंखलं खरवडतात, तेल-रंग करतात, आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून परत धंद्याला. हे तेच आहे. इकडे भूमध्य समुद्रात पावसाळ्याच्या जागी हिवाळा, मे ते सप्टेंबर चार्टरचा, म्हणजे यॉट भाड्यानं द्यायचा सीझन आणि मग पाल्मा, बार्सिलोना, ला सिओटा, व्हियारेज्जो, सगळीकडचे यार्ड फुल. म्हणून जागा वसंतातच बुक करायची, सप्टेंबरात फोन फिरवत बसलात तर उरलीसुरली जागा मिळते, आणि उरलेली जागा उरलेली का असते ते नंतर कळतं.

उदाहरण म्हणून मी केलेली एक घेतो, ३४ मीटर, ॲल्युमिनियमची, २००३ सालची, नाव सांगत नाही. मालकाची लिस्ट चार ओळींची होती: सनडेकवर जकूझी, बाथरूमना संगमरवर, पांढरी हल (यॉटचं बाहेरचं अंग) गडद निळी, आणि सलूनला, म्हणजे बैठकीच्या खोलीला नवा सोफा, ज्याचं कापड मॅडमनी आधीच पसंत केलेलं. माझी लिस्ट अकरा पानांची, त्यात सुंदर असं काहीच नाही.

मालकाच्या प्रत्येक हौशीला दोनच प्रश्न विचारायचे, किती किलो आणि पाण्यापासून किती वर. जकूझीत १२०० लिटर पाणी म्हणजे १.२ टन, टब, पंप, खालचा आधार धरून १.८ टन. आमची यॉट १३० टनांची, तिचा गुरुत्वमध्य कीलपासून (तळाच्या कण्यापासून) साधारण ३ मीटरवर, आणि जकूझी ८ मीटरवर. १.८ गुणिले ५, भागिले १३१.८, म्हणजे अख्ख्या यॉटचा गुरुत्वमध्य जवळजवळ ७ सेंटिमीटर वर. ७ सेंटिमीटर ऐकायला काहीच नाही वाटत, पण जीएम, म्हणजे कललेली यॉट परत सरळ होते त्या स्थिरतेचं माप, तेच ९० सेंटिमीटर असेल तर त्यातले ७ गेले, वर टबातलं पाणी हिंदकळतं त्याचा हिशेब वेगळाच. शेवटी टब लहान केला, निघायच्या आधी पाणी झटकन खाली जावं म्हणून मोठ्या पाइपाचा ड्रेन दिला, आणि संगमरवराचं म्हणाल तर २० मिलिमीटरची सबंध लादी एका चौरस मीटरला ५४ किलो भरते, त्याऐवजी ५ मिलिमीटरचा दगड मागे हनीकोंब (मधाच्या पोळ्यासारखं पोकळ, हलकं) पॅनेल चिकटवून घेतला, वजन तिसऱ्या हिश्शाच्या आसपास आलं, वरून बघणाऱ्याला फरक कळत नाही. मालकाला हे सगळं मेलवर समजवायला जाऊ नका, कागदावर यॉटचं चित्र काढून समोर बसून दाखवा, पटतं.

आणि वजनाची वही घालायची. यॉटवरनं उतरेल ते काट्यावर, चढेल ते काट्यावर, जुन्या गाद्यांपासून नवीन टीव्हीपर्यंत. शेवटी नेव्हल आर्किटेक्ट इन्क्लायनिंग टेस्ट, म्हणजे यॉट किंचित कलवून तिची स्थिरता मोजायची चाचणी घेतो तेव्हा ही वही कामाला येते. बघण्यासारखी असते ती टेस्ट, सकाळी वारा पडलेला असताना दोर ढिले सोडतात, क्रूला खाली उतरवतात, डेकवर मोजलेली वजनं या बाजूची त्या बाजूला सरकवतात, आणि आत एक लांब ओळंबा टांगलेला असतो, अगदी गवंड्याचा असतो तसा, त्याचं टोक तेलाच्या बादलीत बुडवलेलं म्हणजे झुलत बसत नाही. तो किती मिलिमीटर सरकला त्यावर एवढ्या मोठ्या यॉटचं भवितव्य.

कायद्याचं थोडक्यात. लोडलाइन लांबी २४ मीटरच्या वर आणि यॉट चार्टरला चालते म्हणजे मोठ्या यॉटचा कोड लागतो, पॅसेंजर १२ च्या वर नाहीत. ग्रॉस टनेज म्हणजे वजन नव्हे, बंदिस्त जागेचं माप, म्हणून मागच्या डेकला काचा लावून खोली केली की टनेज वाढतं. ५०० ओलांडलं की नियमांचं दुसरंच पुस्तक उघडतं, म्हणूनच इतक्या यॉट ४९९ वर थांबलेल्या दिसतात. काहीही कापायच्या आधी क्लासच्या (जहाज तपासून दाखला देणाऱ्या संस्थेच्या) सर्व्हेअरला आणि इन्शुरन्सवाल्यांना ड्रॉइंग पाठवा, नंतर पाठवलंत तर ते उघडून दाखवा म्हणतात, आणि तोवर रंग झालेला असतो. अजून एक, झेंडा आणि मालक दोन्ही युरोपियन युनियनबाहेरचे असतील आणि यॉट खासगी वापरात असेल तर यॉट तिथे १८ महिने ड्यूटी-व्हॅट न भरता राहू शकते, रीफिटसाठी कस्टम्सची वेगळी प्रोसिजर आहे, ती एजंटकडनं काम सुरू व्हायच्या आधी करून घ्या.

यार्ड दोन तऱ्हेचे. एक, सगळं काम तेच घेतात, एकच बिल, एकच शिवी खायचा माणूस. दुसरा पाल्मासारखा, यार्ड तुम्हाला उचलून जागा देतो आणि सुतार, रंगारी, इलेक्ट्रिशियन तुम्ही आपले आपले आणायचे. दुसरा स्वस्त पडतो असं लोक म्हणतात, पडतो पण, फक्त सकाळी सात ते संध्याकाळी सात यॉटवर फिरणारा आपला एक माणूस पाहिजे, कारण रंगारी म्हणणार सुतारानं धूळ केली आणि सुतार म्हणणार इलेक्ट्रिशियननं पॅनेल उघडं ठेवलं. तसा माणूस नसेल तर पहिला यार्ड घ्या, मी तरी तेच सांगेन. कोटेशनवर १५-२० टक्के जादा बाजूला ठेवायचेच. वाढीव काम तोंडी कधीच द्यायचं नाही, काम, रक्कम आणि किती दिवस वाढणार हे तिन्ही लिहून सही. आम्हाला एका कॉन्ट्रॅक्टरनं शेवटच्या आठवड्यात "तुम्हीच सांगितलं होतं ना" म्हणून नऊ कामांचं बिल लावलं होतं, सहा मी खरंच सांगितली होती, जिन्यात उभं राहून, कॉफी पिता पिता.

उचलताना डॉकिंग प्लॅन लागतो, म्हणजे खाली लाकडी ठोकळे कुठे आणि ट्रॅव्हल लिफ्टचे (यॉट उचलणाऱ्या चाकांवरच्या क्रेनचे) पट्टे कुठे, आणि शाफ्ट (प्रोपेलर फिरवणारा दांडा), स्टॅबिलायझरचे (डोलणं कमी करणारे) पंख, सेन्सर कुठे आहेत ते. तो कागद सापडत नसेल तर बिल्डरकडनं आधीच मागवा. एकदा पट्टा पंखावर बसला की रीफिटची लिस्ट तिथल्या तिथे वाढते.

वर काढून धुतली की पहिले तीन दिवस कोणालाही नवीन काही लावू द्यायचं नाही, फक्त उघडायचं. अल्ट्रासाऊंडनं प्लेटची जाडी घ्या, आणि ती मोकळ्या सपाट जागी घेऊन खूश होऊ नका, शॉवरच्या खाली, संडासाच्या टाकीच्या खाली, एक्झॉस्टच्या आजूबाजूला, जिथे ओल साचते आणि हात पोचत नाही तिथे घ्या. समुद्राचं पाणी आत घेणारे व्हॉल्व्ह सगळे खोला. ब्रॉंझचा व्हॉल्व्ह आणि ॲल्युमिनियमची हल यांच्यामध्ये प्लास्टिकची बुशं असतात, सगळं सुकल्यावर मल्टिमीटर लावा, बीप वाजला म्हणजे बुश गेलं आणि तुमची हल हळूहळू झिंकच्या ॲनोडचं काम करतेय, म्हणजे दुसऱ्या धातूसाठी स्वतः झिजतेय. पितळी फिटिंग असेल तर खरवडून बघा, आत गुलाबी दिसलं की त्यातलं जस्त निघून गेलंय, हातोडीच्या एका टोल्यात तुटतं. अँटिफाउलिंग (शेवाळ-शंखलं धरू नये म्हणून तळाला लावायचा रंग) घेताना तांब्याचं नको, ॲल्युमिनियमला तांबं म्हणजे विष.

तांब्यावरनं आठवलं, सलूनचं सिलिंग काढलं तेव्हा आत केबलींचं असं जंगल होतं की बस. आधीच्या रीफिटवाल्यांनी जुनी सॅटेलाइट, जुनं म्युझिक, कसला कसला कंट्रोल बंद केला आणि वायर तशीच ठेवून शेजारनं नवी ओढली. आम्ही आणि इलेक्ट्रिशियननं नऊ दिवस बसून मेलेल्या केबली काढल्या, काट्यावर ४१० किलो भरल्या. वजन तर गेलंच, पण वरच्या डेकखालचं गेलं हे महत्त्वाचं, जकूझीचं थोडं पाप तिथे फिटलं. फक्त एक करा, केबल कापताना खाली चादर अंथरा आणि संध्याकाळी बिल्ज, म्हणजे यॉटच्या तळाची पोकळी, व्हॅक्यूम करा. तांब्याचा नखाएवढा तुकडा ओल्या बिल्जमध्ये पडून राहिला की त्याच्याखाली ॲल्युमिनियमला खड्डा पडतो, मी असा एक खड्डा बघितलाय, पेन्सिलचं टोक आत जात होतं.

संडासाचे पाइपही आत्ताच बदला. आतनं क्षाराचा थर बसून ५० मिलिमीटरचा पाइप निम्मा होतो, आणि पॅनेलं लागल्यावर बदलायचा म्हटलं तर नवा संगमरवर फोडावा लागतो. एसीचंही तसंच, भूमध्य समुद्राच्या पाण्यावर हिशेब केलेला चिलर उन्हाळ्यात दुबईच्या गरम पाण्यात गुडघे टेकतो, यॉट कुठे फिरणार ते मालकाला आधी विचारून घ्या.

वेल्डिंगचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. जकूझीच्या आधारासाठी डेकच्या खालनं वेल्डिंग होतं, तर भिंतीच्या पलीकडच्या केबिनमधलं इन्सुलेशन काढायचं राहिलं होतं. वेल्डर जेवायला गेला, फायर वॉचवाला (आग लागतेय का बघत उभा राहणारा) पण त्याच्याबरोबर गेला, आणि आमच्या डेकहँडला वास आला म्हणून वाचलो, पॅनेल उचललं तर आत फोम धुमसत होता. तेव्हापासून माझा नियम, फायर वॉच आपलाच माणूस, दोन्ही बाजूंना एक एक, आणि काम थांबल्यावर अजून एक तास तिथेच.

सागवानी डेकवर हौस करण्याआधी उरलेली जाडी मोजा, दरवेळी घासून घासून फळी पातळ झालेली असते आणि सांध्यातला काळा रबर धरायला खोलीच उरत नाही. नवीन बर्मा टीकचं नाव काढू नका, २०२१ मध्ये युरोपियन युनियननं म्यानमारच्या सरकारी लाकूड कंपनीवर निर्बंध घातले, कागदपत्र नसलेलं लाकूड बसवलंत तर त्रास तुम्हाला. प्लास्टिकचं टीक मिळतं, दिसायला बरं, पण दुपारी अनवाणी चालून बघा आणि मग मालकाला सुचवा.

आता रंग. बहुतेक रीफिटमध्ये सगळ्यात मोठं बिल याचंच असतं, आणि बिल रंगाचं नसतं, घासकामाचं असतं. पुट्टी लावायची, दोघांनी धरायच्या लांब फळीला पॉलिश पेपर लावून तिरकं तिरकं घासायचं, मग काळी पूड फासायची, पुन्हा घासायचं, जिथे काळं राहिलं तिथे खड्डा. आमचा म्हातारा रंगारी डोळे मिटून तळवा फिरवायचा आणि इथे म्हणून बोट ठेवायचा, लाइट तिरका मारला की बरोबर तिथेच लाट दिसायची. पांढऱ्या रंगात हे सगळं खपतं, गडद निळ्यात एकूण एक उंचसखल दिसतं, शिवाय उन्हात ती हल तापते आणि आतला एसी रडतो. आम्ही मालकाला दोन मोठी पॅनेलं रंगवून उन्हात ठेवून दाखवली, हात लावा म्हटलं. त्यानं हात लावला, आणि तरी निळाच घेतला. ठीक आहे, पण तीन आठवडे जादा लागतील यावर तिथेच सही घेतली. रंग मारताना प्लेटचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश वर आणि हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली पाहिजे, जानेवारीत पाल्माला पहाटे हे जमतच नाही, म्हणून तंबू, हीटर, आणि तंबूत वेल्डिंग-सुतारकाम पूर्ण बंद.

पाण्यात सोडताना यॉट लिफ्टच्या पट्ट्यांवरच असू द्या आणि प्रत्येक व्हॉल्व्हपाशी टॉर्च घेऊन एक माणूस उभा करा, कोरडं आहे असं सगळ्यांनी ओरडून सांगितल्यावरच पट्टे सोडायचे. शाफ्ट अलाइनमेंट जमिनीवर केलेली फायनल धरू नका, हल पाण्यात बसल्यावर आकार किंचित बदलतो, एक-दोन दिवस तरंगू द्या, मग कपलिंगमध्ये (शाफ्ट जिथे जोडतात त्या सांध्यात) फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या घालून चारी बाजूंनी बघा. सी ट्रायलला, म्हणजे समुद्रात चालवून बघताना, टाक्या निम्म्या, माणसं पूर्ण, इंजिनं फुल लोडवर, आणि एक माणूस फक्त इंजिनरूममध्ये हात लावत आणि वास घेत फिरणारा. जुने आकडे काढून ठेवलेले असले पाहिजेत, कुठल्या आरपीएमला किती स्पीड आणि किती टेंपरेचर, नाहीतर सुधारलं का बिघडलं कशावरनं सांगणार.

आणि सोफा. कापड शेवटी बघा म्हटलं, पण माप पहिल्या आठवड्यात घ्या. आमचा इटलीहून आला तो एकसंध, ३ मीटर २०, आणि सलूनच्या दारातनं कुठल्याच कोनात जाईना. नशिबानं उजव्या बाजूची मोठी काच नवीन सील लावायला म्हणून अजून बाहेरच होती, तिथनं क्रेननं घेतला, सहा जणांनी धरून, मॅडम खाली यार्डात उभ्या राहून कापडाला हात लावू नका म्हणून ओरडत होत्या. काच दुसऱ्या दिवशी बसली.