मंगोलियातील पशुपालक कुटुंबात राहताना

मंगोलियातील एखाद्या भटक्या पशुपालक कुटुंबात राहून त्यांच्या कामाला हातभार लावायचा असेल, तर प्रथम ऋतू ठरवावा, आणि तो त्या घरच्या कामाकडे पाहून ठरवावा. मार्च ते मे या काळात कोकरे आणि करडे जन्मतात, शेळ्यांच्या अंगावरची काश्मिरी लोकर विंचरून काढली जाते. तेव्हा मदतीची निकड सर्वांत जास्त असते, परंतु धुळीच्या वादळांमुळे आणि अवचित पडणाऱ्या बर्फामुळे नवख्या माणसाचा निभाव लागणे कठीण जाते. जून ते ऑगस्ट हे दूधदुभत्याचे महिने असून पहिल्यांदा जाणाऱ्याने तेच निवडावेत. मात्र ११ ते १३ जुलै या दिवसांत नादाम हा राष्ट्रीय उत्सव असतो आणि बरीच मंडळी घोड्यांच्या शर्यतींसाठी बाहेर गेलेली असतात, याची आधी चौकशी करावी. हिवाळ्यात पारा उणे ३० अंशांच्याही खाली उतरतो. त्या काळात अननुभवी पाहुणा म्हणजे घरच्यांना आणखी एक जीव सांभाळण्याचे काम.

मुक्कामाची व्यवस्था बहुधा राजधानी उलानबातरमधील मध्यस्थामार्फत होते. दिलेल्या पैशातले किती तुग्रुग, म्हणजे मंगोलियाचे चलन, प्रत्यक्ष कुटुंबाच्या हाती पडतात, हे त्याला स्पष्ट विचारावे आणि गुळमुळीत उत्तर मिळाल्यास दुसरा मध्यस्थ शोधावा. मुक्काम किमान आठवड्याचा असावा, असे माझे ठाम मत आहे, कारण पहिले दोन-तीन दिवस शिकण्यातच जातात आणि तेवढा काळ घरच्यांचाच वेळ आपल्यावर खर्च होत असतो.

निघण्यापूर्वी रेबीजच्या लशीबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. राखणीचे कुत्रे परक्याला सहजासहजी जवळ येऊ देत नाहीत, म्हणून वाहनातूनच हाक द्यावी आणि घरचे कोणी बाहेर आल्यावरच उतरावे. गेर, म्हणजे नमद्याचे गोल घर, याचे दार दक्षिणेकडे असते. आत शिरताना उंबऱ्यावर पाय देऊ नये, पाहुण्याने डावीकडे, म्हणजे पश्चिमेच्या बाजूला जावे, मधल्या दोन खांबांमधून आरपार जाऊ नये आणि चुलीत कचरा किंवा पाणी टाकू नये. पुढे केलेला वाडगा उजव्या हाताने किंवा दोन्ही हातांनी घ्यावा. नको असले तरी ओठांना लावून परत द्यावा.

आता कामाविषयी. सुरुवातीला सरपण आणि पाणी ही दोन कामे स्वतःहून मागून घ्यावीत. माळरानावर वाळलेले शेण पाठीवरच्या टोपलीत गोळा करून आणावे लागते; खालून ओलसर असलेले शेण उचलू नये, ते धुमसते आणि घरभर धूर करते.

धारा काढताना नवख्याने आचळाला हात घालण्याची घाई करू नये. गाय किंवा याक वासराने तोंड लावल्याशिवाय पान्हा सोडत नाही. म्हणून वासरू क्षणभर पाजून लगेच मागे ओढावे लागते, आणि वासरू धरण्याचे हे काम नीट जमले तरी धार काढणाऱ्या बाईचे श्रम बरेच हलके होतात. मेंढ्या आणि शेळ्या समोरासमोर, माना एकमेकींत अडकवून एका दोराने ओळीत बांधल्या जातात, त्यामुळे त्या हलत नाहीत. घोड्यांची शिंगरे दिवसा दावणीला बांधलेली असतात आणि घोडींची धार साधारण दर दोन तासांनी काढली जाते. एकाने शिंगरू घोडीच्या कुशीला आणून उभे करायचे आणि दुसऱ्याने दूध काढायचे, अशी ती जोडीची रीत आहे. हे दूध आंबवून ऐराग बनवतात. त्यासाठी ते दिवसभरात हजारो वेळा घुसळावे लागते, आणि या कामात कौशल्यापेक्षा चिकाटी लागत असल्यामुळे पाहुण्याने ते खुशाल आपल्याकडे घ्यावे. ऐराग पहिल्या दिवशी घोटभरच प्यावा, कारण सवय नसलेले पोट बिघडते.

कळपामागे चालताना मागून आणि बाजूने, सैल कमानीसारखे फिरत राहावे. धावू नये, ओरडू नये. वादळ सुटले की जनावरे वाऱ्याच्या दिशेने वाहवत जातात, म्हणून आभाळ भरून येताच घरच्यांना कळवावे आणि एकट्याने कळप वळवण्याचे धाडस करू नये. संध्याकाळच्या मोजणीत एखादे मेंढरू कमी भरले, तर लपवू नये. २००९-१० च्या झुदमध्ये, म्हणजे चारा बर्फाखाली गाडणाऱ्या कडक हिवाळ्यात, देशातील सुमारे २० टक्के पशुधन दगावले होते. एकेका जनावराची किंमत या लोकांना अशी ठाऊक आहे.

घोड्यावर नेहमी डाव्या बाजूने चढावे, मागून जवळ जाऊ नये, आणि स्वारी करताना अंगातला कोट काढू नये, कारण फडफडणाऱ्या कापडाला हे घोडे बुजतात. शिरस्त्राण आपले आपण न्यावे.

ब्रुसेलोसिस हा रोग जनावरांपासून माणसाला होतो, म्हणून व्यालेल्या जनावराची वार उघड्या हाताने उचलू नये आणि गाई-शेळ्यांचे दूध उकळल्याशिवाय पिऊ नये.

निघताना स्वतःचे प्लास्टिक, औषधांची वेष्टने आणि बॅटऱ्या परत शहरात न्याव्यात. कुटुंब पुढच्या कुरणाकडे निघून जाते आणि मागे राहिलेला कचरा उचलायला तिथे कोणीही येत नाही.