‘जर–तर’ विधानाचा नकार कसा करावा?

‘पाऊस आला तर सामना थांबेल.’ याचा नकार विचारला की बहुतेक जण लिहितात, ‘पाऊस आला नाही तर सामना थांबणार नाही.’ हे चूक आहे, कारण ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात. विधान आणि त्याचा नकार कधीच एकत्र खरे नसतात.

आधी वाक्याचे दोन भाग करा. अट म्हणजे पूर्वांग, तिच्यामुळे जे होतं ते उत्तरांग. मराठीत ‘जर’ बरेचदा गाळलेला असतो, म्हणून ‘तर’ शोधा. तिथे ‘तरच’ असेल तर थांबा, कारण त्या ‘च’ने दिशा फिरते. ‘पाऊस आला तरच सामना थांबेल’ याचा अर्थ, सामना थांबला असेल तर पाऊस आलेलाच आहे.

आता विचारा, ‘पाऊस आला तर सामना थांबेल’ हे विधान मोडलं असं कधी म्हणता येईल? फक्त एकाच परिस्थितीत: पाऊस आला आणि तरीही सामना थांबला नाही. हाच नकार. त्यात ‘जर’ही नाही, ‘तर’ही नाही. मला स्वतःला हा मुद्दा ‘तरीही’ या शब्दानेच पटला. पाऊस आलाच नाही, तर पुढे काहीही होवो, विधान खोटं ठरत नाही.

मग वाक्य उलटून बघा. ‘संख्येला ६ ने भाग जात असेल तर ३ ने जातो’ हे खरं, पण त्याचा व्यत्यास, म्हणजे उलटलेलं वाक्य ‘३ ने जात असेल तर ६ ने जातो’, ९ पाशी कोसळतो. दोन्ही भाग नाकारून अदलाबदल केली तर मात्र सत्य टिकतं: ३ ने जात नसेल तर ६ ने जात नाही.

‘सगळे’ असलेल्या वाक्यात जपून. ‘सगळे पास झाले नाहीत’ याचे मराठीत दोन अर्थ निघतात. ‘सगळे पास झाले’ याचा नकार ‘निदान एक तरी पास झाला नाही’ असाच लिहा.

सरावासाठी पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाचं १९६६चं कोडं उत्तम. प्रत्येक पत्त्याच्या एका बाजूला अक्षर, दुसरीकडे अंक. समोर दिसतात अ, क, ४, ७. नियम: स्वर असेल तर मागे सम अंक. नियम तपासायला कोणते पत्ते उलटाल? बहुतेकांचा हात ‘अ’ आणि ‘४’कडे जातो. पण नियम मोडणारी जोडी म्हणजे स्वर आणि विषम अंक, म्हणून ‘अ’ आणि ‘७’ उलटायचे. ‘४’च्या मागे व्यंजन निघालं तरी नियम शाबूतच राहतो.