वॉश बेसिन चार-पाच इंच वर घेताना

आमच्या पुण्यातल्या जुन्या सदनिकेतील वॉश बेसिनची कड जमिनीपासून २९ इंचांवर होती, आणि चूळ भरताना मुलाचे कपाळ नळाच्या तोटीला लागू लागले तेव्हा ते वर घेण्याचा विषय घरात निघाला. बेसिन उचलून वर बसवणे हा या कामाचा सर्वांत सोपा भाग असतो. खरी डोकेदुखी भिंत, सांडपाण्याची वाट आणि जमिनीवरचे पाणी यांची असते, हे काम हाती घेतल्यावरच लक्षात येते.

उंची ठरवताना बाजारात काय चालते ते पाहण्याआधी घरातल्या माणसांची कोपरे मोजावीत. सरळ उभे राहून कोपर काटकोनात दुमडावे, जमिनीपासून कोपरापर्यंतचे अंतर घ्यावे आणि त्यातून सुमारे ६ इंच वजा करावेत. साडेपाच फूट उंचीच्या माणसासाठी हे उत्तर साधारण ३५ इंच येते, पाच फुटी माणसासाठी ३१-३२ इंच. घरात दोन्ही उंचींची माणसे असतील तर ३३-३४ इंचांवर तडजोड करावी आणि लहान मुलांसाठी पाट किंवा चौरंग ठेवावा. ठरलेली उंची आधी करून पाहणे शहाणपणाचे असते. टेबलावर विटा रचून त्यांवर परात ठेवावी, तिची कड हव्या त्या उंचीवर आणावी आणि तांब्याने पाणी घेऊन हात-तोंड धुऊन पाहावे. तोंड धुताना पाणी मनगटावरून कोपराकडे ओघळून बाही भिजू लागली, तर उंची जास्त झाली असे समजावे. चाकाच्या खुर्चीवरून बेसिन वापरणारी व्यक्ती घरात असेल, तर कड ३४ इंचांच्या वर नेऊ नये आणि खाली गुडघे जातील अशी मोकळी जागा ठेवावी. तिथे खाली कपाट बसवता येत नाही.

भिंतीवर टांगलेल्या बेसिनसाठी भिंत कशाची आहे हे सर्वप्रथम पाहावे. भरीव विटांच्या भिंतीत बेसिनचे दोन रॅग बोल्ट, म्हणजे भिंतीत रुतवून बेसिन टांगायचे लांब बोल्ट, चांगले धरतात. हलक्या सिमेंट ब्लॉकच्या भिंतीत तेच बोल्ट काही महिन्यांत सैल होतात, म्हणून तिथे ब्लॉकसाठीचे लांब फास्टनर वापरावेत किंवा भिंतीच्या आरपार बोल्ट घालून पलीकडून पट्टी द्यावी. चिनीमातीचे बेसिन जड असतेच, शिवाय वयस्कर माणसे त्याच्या कडेला धरून उभी राहतात, आणि तो भार सगळा या दोन बोल्टांवर येतो. भिंतीत गाडलेले कन्सील्ड पाइप बहुधा अँगल कॉकपासून (बेसिनखाली भिंतीतून निघालेल्या छोट्या तोटीपासून) सरळ वर किंवा आडवे गेलेले असतात, म्हणून त्या रेषेत भोक पाडू नये. टाइलवर चिकटपट्टी लावून तिच्यावर खूण करावी, टाइल पार होईपर्यंत ड्रिलचा हॅमर (ठोके देण्याची सोय) बंद ठेवावा आणि दोन्ही खुणा डोळ्याच्या अंदाजाने न करता लेव्हलने जुळवाव्यात. बोल्ट सिमेंटमध्ये बसवले असतील तर दोन-तीन दिवस बेसिन टांगू नये. प्लंबर घाई करतो, आपण करू नये.

बेसिनखाली पूर्ण उंचीचा पेडेस्टल, म्हणजे आधाराचा खांब, असेल तर त्याच्याखाली ग्रॅनाइटचे तुकडे एकावर एक चिकटवून बैठक द्यावी लागते, कारण पेडेस्टलची उंची बदलता येत नाही. अर्धा पेडेस्टल मात्र बेसिनबरोबर सहज वर जातो.

बेसिनखाली जमिनीवर उभे असलेले व्हॅनिटी कपाट वर घेण्यासाठी परदेशी व्हिडिओंमध्ये खाली लाकडी चौकट ठोकलेली दिसते. तिथल्या न्हाणीघराची जमीन कोरडी असते. आपण मात्र रोज बादलीभर पाणी ओतून फरशी धुतो, त्यामुळे आपल्याकडे अशी चौकट पहिल्याच पावसाळ्यात फुगते. त्याऐवजी विटांचा ४ इंची ओटा बांधून त्याला टाइल किंवा ग्रॅनाइट लावावे आणि कपाट त्याच्यावर ठेवावे. प्लायचा खालचा काठ पाण्यापासून सुटतो, हा फायदा उंचीइतकाच मोलाचा आहे. नवे कपाट करायचे असल्यास आयएस ७१० शिक्क्याचे मरीन प्लाय घ्यावे. ओट्यासाठी जुनी फरशी फोडू मात्र नये, कारण तिच्याखालचे वॉटरप्रूफिंग दुखावले की खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या छताला ओल येते आणि मग सोसायटीच्या बैठकीत आपला विषय निघतो. जुन्या टाइलवर टाइल चिकटवण्याच्या अॅडहेसिव्हने ओटा बसवता येतो.

कपाट हलवायचेच नसेल, तर सध्याच्या ग्रॅनाइटवर टेबल-टॉप बेसिन ठेवून ४ ते ६ इंच मिळतात. अशा वेळी जुना बुटका नळ बेसिनच्या कडेपर्यंतही पोहोचत नाही. उंच बॉडीचा नळ त्याच खर्चात धरावा.

आता सांडपाणी. भिंतीतले तोंड आहे तिथेच राहते, बेसिन तेवढे वर जाते, म्हणून बॉटल ट्रॅपला (वास अडवण्यासाठी पाणी धरून ठेवणाऱ्या बाटलीसारख्या भागाला) वरून ३२ मिलिमीटरचा लांब उभा पाइप जोडावा आणि ट्रॅपची आडवी नळी भिंतीकडे किंचित उतरती ठेवावी. ट्रॅपच वर घेऊन पाइपला उलटी वळणे देण्याचा मोह टाळावा. आमच्याकडे पहिल्यांदा नेमके तेच झाले आणि वळणात साचलेल्या साबणाच्या गाळाचा वास महिनाभरात येऊ लागला. पाणी लवचिक पाइपने जमिनीतल्या नहाणी ट्रॅपमध्ये सोडलेले असेल, तर नवा लांब पाइप घ्यावा. जुना ताणला की त्याच्या घड्या उघडून तो चिरतो. वरच्या बाजूला अँगल कॉकपासून नळापर्यंतचे १८ इंची कनेक्शन पाइप अपुरे पडल्यास २४ इंची घ्यावेत, ते नळापाशी ताठ ओढले जाऊ नयेत. धातूच्या आट्यांवर टेफलॉन टेप लावावी. रबरी वॉशर असलेल्या जोडाला तिची गरज नसते.

बेसिन आणि भिंतीमधल्या फटीत भरलेले सिलिकॉन पूर्ण सुकण्यास एक दिवस द्यावा. मग बेसिनला बूच लावून ते काठोकाठ भरावे, खाली कोरडे वर्तमानपत्र अंथरावे आणि सगळे पाणी एकदम सोडावे. हळू वाहणाऱ्या पाण्यात न दिसणारी गळती या लोंढ्यात दिसते. तासाभराने कागदावर ओला ठिपका दिसला, तर बरोबर त्याच्या वरच्या जोडाचा नट पान्याने न आवळता आधी हाताने उघडून वॉशर तिरका बसला आहे का ते पाहावे. बहुतेक वेळा दोष तिथेच असतो. यानंतरच आरसा आणि खालची फळी वर घ्यावी, कारण त्यांची जागा नळाच्या नव्या उंचीवर ठरते, आणि बोल्टांची जुनी भोके टाइलच्या रंगाच्या ग्राउटने बुजवून टाकावीत.