बाय वीकनंतर प्लेऑफमधे टीम खरंच थंड सुरुवात करते का, हे स्वतः कसं तपासायचं

मी अमेरिकेत मेरीलँडमधे राहतो, तिथल्या रेव्हन्स या अमेरिकन फुटबॉल टीमचा फॅन आहे, आणि ११ जानेवारी २०२० ची रात्र मला अजून लख्ख आठवते. १४-२ रेकॉर्ड (१४ जिंकल्या, २ हरल्या), सलग १२ मॅचेस जिंकलेली टीम, बाय वीकची, म्हणजे प्लेऑफच्या (बाद फेरीच्या) पहिल्या आठवड्याच्या सुट्टीची, विश्रांती घेऊन घरच्या मैदानावर उतरली, आमच्याकडे पाच-सहा कुटुंबं जमलेली, आणि दुसऱ्या क्वार्टरमधे बघतो तर टायटन्स १४-० पुढे. शेवटी २८-१२ हरलो. "आठवडाभर बसून राहिले, गंज चढला" हे त्या रात्री प्रत्येकाच्या तोंडी होतं, माझ्याही. आणि तेव्हापासून दर जानेवारीत कुणी ना कुणी तेच बोलतं, म्हणून मी हे तपासायची एक पद्धत बसवली, ती सांगतो. एक रविवार पुरतो, एक्सेल आलं तरी बास.

ज्यांनी एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची लीग) नव्याने बघायला घेतलंय त्यांच्यासाठी एवढंच, की १९९० ते २०१९ च्या सीझनपर्यंत दोन्ही कॉन्फरन्समधल्या (लीगच्या दोन गटांतल्या) पहिल्या दोन-दोन टीम्सना प्लेऑफचा पहिला आठवडा सुट्टी मिळायची, आणि २०२० च्या सीझनपासून फक्त एक नंबरच्या टीमला मिळते. म्हणजे आधी वर्षाला चार मॅचेस सापडायच्या, आता दोनच. जुन्या ३० सीझनच्या मिळून १२० होतात.

पहिलं काम, "थंड सुरुवात" म्हणजे नक्की काय ते मॅच बघायच्या आधी ठरवून लिहून ठेवा. नाहीतर हरल्यावर सगळंच थंड वाटतं. निकाल तर अजिबात धरू नका. जानेवारी २०२२ मधे पॅकर्सनी नायनर्सविरुद्ध पहिल्याच ड्राइव्हला (बॉल हातात आल्यापासून जाईपर्यंतची एक खेळी) टचडाउन (सगळ्यात मोठा स्कोर) मारला आणि तरी १३-१० हरले. उलट १२ जानेवारी २०२० ला चीफ्स टेक्सन्सविरुद्ध २४-० मागे होते आणि ५१-३१ जिंकले! निकालावरून यातली गरम सुरुवात कुठली आणि थंड कुठली ते कसं कळणार?

मी स्वतः पहिले तीन ड्राइव्ह धरतो, पहिला क्वार्टर नाही, कारण समोरच्या टीमने एक लांबलचक ड्राइव्ह खेचला की पंधरा मिनिटांत तुमच्या टीमच्या हातात बॉल दोनदाच येतो आणि मग शून्य दिसतं ते गंजाचं नसतं, घड्याळाचं असतं. त्यातही पहिला ड्राइव्ह वेगळ्या कॉलममधे लिहा. बरेच कोच सुरुवातीचे पंधराएक प्ले (चाली) आधीच लिहून, पाठ करून आणतात, नायनर्सचे बिल वॉल्श यांनी ही पद्धत गाजवली. बाय मिळालेल्या कोचला ही स्क्रिप्ट बनवायला दुप्पट वेळ असतो, म्हणजे पहिला ड्राइव्ह उलट चांगला जायला हवा, आणि गंज असलाच तर तो स्क्रिप्ट संपल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या ड्राइव्हला उघडा पडायला हवा. बॅट्समनची नजर बसायला वेळ लागतो म्हणतो ना आपण, तसंच काहीसं इथे शोधायचंय, पण ते योग्य जागी शोधायला हवं.

मग तुलना. कशाशी करायची? त्याच टीमच्या त्याच सीझनशी. २०१९ च्या रेव्हन्सनी मॅचमागे ३३ च्या वर पॉइंट केले होते, त्यांच्यासाठी अर्ध्या मॅचमधे ६ म्हणजे फारच कमी, पण डिफेन्सवर जिंकणाऱ्या एखाद्या टीमला ६ नेहमीचेच असतील. आणि सीझनमधल्या सगळ्या मॅचेस घेऊ नका, ज्या टीम्स प्लेऑफला पोचल्या त्यांच्याविरुद्धच्याच घ्या. डिव्हिजनल राउंडला (प्लेऑफचा दुसरा आठवडा, बायनंतरची पहिली मॅच) समोर येणारी टीम आदल्या आठवड्यात एक प्लेऑफ मॅच जिंकून आलेली असते, तिच्यासमोर कुणाचेही पॉइंट थोडे कमीच होणार, त्याचं खापर बायवर कशाला फोडायचं.

आता जरा कंटाळवाणं पण सगळ्यात महत्त्वाचं. खड्डा कुणी खणला ते बघा, एकेक प्ले वाचून. चीफ्सचं ते २४-० घ्या. एक टचडाउन डिफेन्सची कव्हरेज चुकून टेक्सन्सच्या स्टिल्सला मोकळं सोडल्यामुळे, एक पंट (बॉल लांब लाथाडून समोरच्यांना देणं) ब्लॉक झाला त्यावर, एक टायरीक हिलच्या हातून पंट निसटला त्यावरून. यातला गंज किती आणि निव्वळ वाईट दहा मिनिटं किती? त्यानंतर त्याच टीमने सलग सात ड्राइव्हला टचडाउन केले. रेव्हन्सच्या मॅचमधे तर आम्ही ५३० यार्ड काढले होते! ५३० यार्ड काढणारा ऑफेन्स गंजलेला म्हणायचा? तीन टर्नओव्हर (बॉल समोरच्यांच्या हाती घालवणं) आणि फोर्थ अँड वनला (शेवटचा चान्स, हवं फक्त एक यार्ड) दोनदा अडकणं, यानी घात झाला. अर्थात टर्नओव्हर हाच गंज असंही कुणी म्हणेल, आणि ते मी पूर्ण खोडू शकत नाही, म्हणून त्यांचा वेगळा कॉलम ठेवतो.

आणि त्या एका वीकेंडला बाय घेतलेल्या चारही टीम्स बघा. नायनर्स आणि पॅकर्स दोघांनी पहिल्याच ड्राइव्हला टचडाउन केला, पॅकर्स तर हाफटाइमला २१-३ पुढे होते. सुट्टी चौघांना सारखीच. मग फरक कुठे होता?

हे शोधताना मला जो कॉलम सापडला तो फारसं कुणी ठेवत नाही, क्वार्टरबॅक (बॉल फेकून हल्ला चालवणारा मुख्य खेळाडू) शेवटचा कधी खेळला त्यापासूनचे दिवस. रेव्हन्सनी एक नंबर आधीच पक्का झाल्यामुळे लमार जॅक्सनला सीझनच्या शेवटच्या मॅचलाही बसवलं होतं. २२ डिसेंबर ते ११ जानेवारी, तब्बल २० दिवस. बाकीच्या तिघांचे क्वार्टरबॅक शेवटच्या आठवड्यात खेळले होते, त्यांची गॅप दोन आठवड्यांच्या आतबाहेर. म्हणजे प्रश्न एक नाही, दोन आहेत, नुसती बाय, आणि बाय अधिक मुद्दाम दिलेली विश्रांती.

मग मी २०१९ ते २०२४ या सहा सीझनच्या सगळ्या १४ बायनंतरच्या मॅचेस दोन ढिगांत टाकल्या आणि सोपं म्हणून आधी हाफटाइमपर्यंतचे पॉइंट लिहिले. क्वार्टरबॅकला शेवटच्या मॅचला पूर्ण बसवलेल्या पाच: रेव्हन्स ६, चीफ्स १९ (जानेवारी २०२१, ब्राउन्सविरुद्ध), रेव्हन्स १० (जानेवारी २०२४), नायनर्स ७ (तोच दिवस), चीफ्स १३ (जानेवारी २०२५, त्यांचा क्वार्टरबॅक माहोम्स २४ दिवसांनी उतरला होता). सरासरी ११. शेवटच्या आठवड्यात खेळलेल्या नऊ: १४, २१, २८, १९, ६, ७, २८, १७, २१. सरासरी जवळपास १८, आणि चीफ्सची ती वेडी मॅच काढली तरी १६ च्या वर.

बघून मी पण चमकलो. पण लगेच नाचू नका, पाच मॅचेस म्हणजे काहीच नाही, त्यात नायनर्सच्या मॅचला पाऊस होता, आणि चीफ्सच्या १९ ने "जास्त विश्रांती म्हणजे थंडी" हा नियम तिथल्या तिथे मोडलाय. शिवाय या पाचातल्या चार टीम्स मॅच जिंकल्या, जानेवारी २०२४ च्या रेव्हन्सनी तर हाफटाइमला १०-१० असताना शेवटी ३४-१० केलं. म्हणजे कुणी म्हणालं की कोचनी विश्रांती देऊच नये तर मी अजिबात मान्य करणार नाही, दुखऱ्या गुडघ्यांना तो आठवडा लाखमोलाचा असतो. हाफटाइमचा आकडा हा नुसता पहिला अंदाज, खरी मोजणी ड्राइव्हवरच करा, कारण चीफ्सचे २८ दिसतात छान पण त्यात आधीचं शून्य लपलंय.

अजून एक तुलना जरूर करा, ती कुणी करत नाही. २०२० नंतर दोन नंबरच्या टीम्सना बाय नाही, त्यांना पहिल्या आठवड्यात खेळावं लागतं. म्हणजे आधीच्या सीझनमधले दोन नंबरवाले विश्रांती घेऊन आलेले, आत्ताचे न घेता. दर्जा साधारण तोच, फरक सुट्टीचा. दोघांचे डिव्हिजनल राउंडचे पहिले तीन ड्राइव्ह शेजारी शेजारी मांडा. आत्ताच्यांमधे पहिल्या आठवड्यात हरलेले गळून जातात हे मात्र लक्षात ठेवा, उरलेले जरा फॉर्मातलेच असतात.

डेटासाठी प्रो फुटबॉल रेफरन्सवर प्रत्येक मॅचचा बॉक्स स्कोर आणि ड्राइव्ह मिळतात, हाताने उतरवायचे. पायथन किंवा आर येत असेल तर एनएफएलव्हर्सचा प्ले-बाय-प्ले डेटा फुकट आहे, १९९९ पासूनचा. सुरुवात १४ मॅचेसनी करा, मग मागे मागे जा. २००५ च्या सीझनचे कोल्ट्स आवर्जून बघा, १४-२ ची टीम, पहिल्या क्वार्टरनंतर स्टीलर्सविरुद्ध ०-१४ आणि शेवटी २१-१८ हार, आणि २०११ चे १५-१ पॅकर्स, त्यांनीही शेवटच्या मॅचला क्वार्टरबॅक रॉजर्सला बसवलं होतं आणि मग जायंट्सकडून ३७-२० हरले.

माझी शीट सध्या २०१० च्या सीझनपर्यंत मागे पोचलीये. तिथे १४-२ चे पेट्रियट्स आहेत, त्यांच्या क्वार्टरबॅक ब्रेडीने जेट्सविरुद्ध पहिल्याच ड्राइव्हला इंटरसेप्शन (फेकलेला बॉल समोरच्यांनी पकडणं) दिलं ती मॅच, आणि टर्नओव्हरच्या कॉलममधे ते टाकलं की पुढच्या वीकेंडला २००९ घेणार आहे.