स्वतःचा पत्त्यांचा कॅट बनवायचाय? सुरुवात पाठीपासून करा

दोन वर्षांपूर्वी गणपतीला घरी जमणाऱ्या मंडळींसाठी मी पत्त्यांचा एक कॅट डिझाइन केला. पाठीवर मधोमध निळाजर्द खंड्या, मान जरा तिरकी. रात्री गुलामचोर रंगला आणि दुसऱ्याच डावात आत्याने माझ्या हातातल्या पानांकडे बोट दाखवलं. "तुझा एक पक्षी शीर्षासन करतोय. तोच गुलाम ना?" तोच होता. पिसताना ते एक पान उलटं शिरलं होतं. पुढे कोणी ते ओढेचना.

म्हणून पाठ आधी. वरच्या अर्ध्या भागाचं चित्र पूर्ण करा, त्याचीच प्रत १८० अंशांत फिरवून खाली जोडा. मग छापलेला कागद उलटा धरून बघा. कुठलं टोक वरचं हे तुम्हालाच सांगता आलं नाही, तर जमलं. सावंतवाडीच्या गंजिफ्यात, म्हणजे तिथल्या हाताने रंगवलेल्या पारंपरिक पत्त्यांत, ही भानगडच नाही. पान गोल, पाठ एकाच रंगाची, सगळं वैभव तोंडावर.

पाठीला पांढरी किनार ठेवायची का, यावर पत्ते जमवणाऱ्या संग्राहकांचे दोन तट आहेत. किनार असली की पानं पंख्यासारखी नीटस दिसतात, हातात घासली तरी कडा कळकट वाटत नाहीत. पण कापताना यंत्र जरासं सरकलं की एका बाजूला दोन मिलिमीटर, दुसऱ्या बाजूला चार. खोका उघडल्यावर संग्राहक पहिल्यांदा हेच बघतो, आणि इथे बिनसलं तर पुढचं कौतुक विसरा. बिनकिनारीचं चित्र कडेपर्यंत नेलं तर ही चूक लपते, मात्र वापराने कडांचा रंग उडून पांढऱ्या रेघा उठतात. माझं मत विचाराल तर खेळायचा कॅट किनारीचा हवा, आणि किनार चांगली चार-पाच मिलिमीटर रुंद. बारीक किनारीत एक मिलिमीटरची चूकही डोळ्यात भरते.

आता मापं. पोकर मापाचं पान ६३ × ८८ मिलिमीटर, ब्रिज मापाचं ५७ × ८८. तेरा-तेरा पानं धरायची असतील आणि खेळणाऱ्यांत लहान मुलं असतील तर ब्रिज माप बरं. कापण्यासाठी चारही बाजूंनी ३ मिलिमीटर जादा चित्र सोडा. महत्त्वाचं काहीही कडेच्या आत तेवढंच दूर ठेवा. फाइल ३०० डीपीआयची (इंचाला ३०० ठिपके) आणि सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या रंगांत. स्क्रीनवर पेटलेला केशरी रंग कागदावर विटकरी उतरतो, तेव्हा एका पानाचा रंगीत नमुना काढल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि मुद्रकाला एका तावात किती पानं बसतात ते विचारून घ्या. बऱ्याच ठिकाणी ५६ बसतात: ५२ पानं, दोन जोकर आणि दोन मोकळी. त्या मोकळ्या दोनांवर मी मेंढीकोटचे नियम छापले.

तोंडाच्या बाजूला खरी कसोटी कोपऱ्याची. हातात पानं पसरली की दिसते ती डावीकडची जेमतेम बोटभर पट्टी, तेवढ्यात अंक आणि रंग (इस्पिक, बदाम वगैरे) दोन्ही कळायला हवेत. मला सगळं देवनागरीत करायचं होतं. केलं, आणि फसलो. राजाचा 'रा', राणीचाही 'रा'. १ आणि ९ लांबून भाऊ-भाऊ. सरतेशेवटी अंक देवनागरीच ठेवले, पण ९चं पोट फुगवून घेतलं. एक्क्याला 'ए', गुलामाला 'गु', आणि राजा-राणीला अक्षराऐवजी फेटा आणि नथ. नथ इतकी चटकन ओळखू येते की माझी पाच वर्षांची पुतणी 'नथवाली' म्हणूनच पान मागते.

इस्पिक-किलवर काळे आणि बदाम-चौकट लाल या जोडीशी फार खेळू नका. मी हौसेने किलवर गर्द हिरवा केला होता. ट्यूबलाइटखाली तो इस्पिकाशी एकरूप झाला. रंग बदलायचेच असतील तर चारही स्पष्ट वेगळे करा. दशावतारी गंजिफ्यात दहा रंगांची मिळून १२० पानं असतात, तरी गोंधळ होत नाही, कारण मासा, कासव, परशू या खुणांच्या जोडीला प्रत्येक रंगाची जमीनही, म्हणजे मागची रंगछटाही, निराळी असते.

चित्रांची पानं (राजा, राणी, गुलाम) काढताना कलाकार सगळा जीव ओततो, आणि संग्राहकांची तक्रार नेमकी तिथेच: राजा कोण, गुलाम कोण, कळत नाही. उलट, बाजारातली नेहमीची चित्रं तशीच उचलून फक्त पाठ नवी केली तर 'आळशी कॅट' म्हणून बोळवण होते. मधला मार्ग म्हणजे ठेवण जुनी, तपशील आपला. इस्पिकचा एक्का परंपरेने नटलेला असतो. त्यामागे इंग्लंडमधला पत्त्यांवरचा कर आहे. कर भरल्याची खूण त्या एक्क्यावर उमटायची. कर १९६०मध्ये गेला, नक्षी राहिली. आपल्याकडे मेंढीकोटात भाव एक्क्याला नसतो, दश्शीला असतो; तीच मेंढी. म्हणून मी चारही दश्श्यांच्या मध्यावर छोटी मेंढी बसवली, चिन्हांची मांडणी न हलवता. परदेशी पत्ते जमवणाऱ्या माझ्या एका मित्राने सबंध कॅटमध्ये एवढ्या एकाच गोष्टीवर बोट ठेवलं आणि ही काय भानगड म्हणून विचारलं. त्याला खेळ शिकवण्यात रात्रीचे दोन वाजले.

कागदावर मात्र पैसे वाचवू नका. ३०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाच्या) आसपासचा, मधे काळा थर असलेला घ्या. साधा जाड कागद उजेडासमोर धरला की पलीकडचा बदाम दिसतो. वर बारीक खळग्यांचं फिनिश हवं. त्यात हवा राहते, पानं एकमेकांवरून घसरतात. गुळगुळीत लॅमिनेशन फोटोत देखणं, पण घामेजल्या बोटांना चिकटतं.

मत घेताना "कसा वाटला?" विचारू नका, सगळे छानच म्हणतात. चौघांना बसवा, चार डाव मेंढीकोट खेळायला लावा आणि कोपऱ्यात वही घेऊन बसा. कोणी पान चुकून टाकलं, कोणी डोळ्याजवळ नेलं, कोणी "ही अठ्ठी की नव्वी?" विचारलं, सगळं टिपा. माझ्या पहिल्या नमुन्यात अशा अकरा नोंदी झाल्या. संग्राहकांना नमुना द्याल तेव्हा हातात दोन द्या. त्यांच्यात एक फोडायचा आणि एक सीलबंद ठेवायचा असा रिवाज आहे, आणि खरी टीका फोडलेल्यावरच मिळते.

खोक्यावरही त्यांची बारीक नजर असते: सोनेरी फॉइल, उठावाची छपाई, क्रमांकाचं सील. तो खर्च परवडला तर करा. त्याआधी प्रत्येक कॅटला वरून पारदर्शक वेष्टण घाला. माझे उरलेले सहा कॅट वेष्टणाशिवाय रत्नागिरीला पोहोचले, तेही जुलैत. पानांनी होडीचा आकार घेतला होता.